घाटाचे ब्रेक

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६५, लोणावळा

रविवारी विमानांच्या सपाट धावपट्टीवर गाड्यांची शर्यत आहे आणि मुंबईच्या शेठांची लाल गाडी सरळ रस्त्यावर वेगच घेत नव्हती. दिवसभर मी कार्बुरेटरला शिव्या घातल्या, तीनदा उघडून साफ केला. ही पळाली नाही, तर शेठ पुन्हा माझ्या गॅरेजात कशाला येतील?

संध्याकाळी चक्कर मारून आलो, तर मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम चटका बसेल इतका तापलेला. आणि वाटेत मी जोरात ब्रेक एकदाही मारला नव्हता! माझ्याकडचे जुने मिस्त्री आबा, नवलाख उंबरे गावचे. त्यांनी ड्रमला बोट लावून झटकन काढलं आणि ते हसलेच.

"भाऊ, हिला काय खंडाळ्याचा घाट उतरायचाय व्हय? ब्रेक लय आवळलेत तुमी."

खरंच की. वीस वर्षं घाट उतरणाऱ्या गाड्याच हाताखालून गेल्या. पाना आपोआप अर्धा फेरा जास्त फिरतो. हाताला कळलंच नाही, ड्रमला कळलं.

ब्रेक हवे तेवढे सैल केले. आबांनी गाडी एका हाताने ढकलली, तर ती थेट फाटकाकडे निघाली. अडवायला मलाच मागं धावावं लागलं.