६,२७,७३,९१३ ही संख्या आणि इतर मालमत्ता

दि. ९ जुलै २०१८, सोमवार. सकाळी भावाच्या दुकानाची किल्ली मालकाला परत दिली. दुपारी एक भागाकार केला. संध्याकाळी भावाचे जुने मित्र मास्तर आणि शेजारची शिवणकामवाली साक्षीदार म्हणून यायचे आहेत, तोवर हे लिहून काढते.

मी, वय एकाहत्तर, निवृत्त टंकलेखिका, घड्याळजींची थोरली बहीण, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र करते. भाऊ जाऊन आज बावीस दिवस झाले.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव भाचीला. गॅलरीचं दार उचलून लावावं लागतं. भाऊ वीस वर्षं "उद्या करतो" म्हणत होता. तिने सुतार बोलवावा.

२. भिंगं, चिमटे, बारीक पेचकस भावाकडे शिकलेल्या कारागिराला. तो मागायला आला नाही, म्हणूनच.

३. वह्या. दुकानातल्या एका बेवारस घड्याळावर मथळ्यातला क्रमांक होता. भाऊ म्हणाला, ही मूळ संख्या आहे, हिला कशानेच भाग जात नाही. मास्तर म्हणाले, जातो. एवढ्यावरून दोन म्हातारे साडेतीन वर्षं बोलले नाहीत.

वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, अशी रीत. इथे त्या बरोबर हजार. भावाने दुकान उघडं असेल त्या दिवशी एक, असे भागाकार केले. संख्या विषम आहे हे शेवटच्या तिनावरूनच दिसतं, तरी दोनलाही एक दिवस दिला. हजारावी ओळ ७,९०७ ची, बाकी २४०. मग वह्या घेऊन मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "हरलो बाबा."

पण पहिल्या ओळीत त्याने १ लिहिला आहे. एक ही मूळ संख्या नव्हे, हे मलाही शाळेत शिकवलं होतं. म्हणजे खऱ्या ओळी नऊशे नव्व्याण्णव. राहिली ती ७,९१९. आज मी भागलं. उत्तर ७,९२७, बाकी शून्य. तीनदा केलं.

वह्या ग्रंथालयाला द्याव्यात, माझा आजच्या भागाकाराचा कागद शेवटी चिकटवून. मास्तर बरोबर होते, हे मी भावाच्या वतीने लिहून देते.

इथवर लिहिलं तोच दोघं आले. मास्तरांनी वाचलं. "ताई, हे कलम काढा."

"का?"

"मला तेव्हाच पहिल्या ओळीतला एक दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"साडेतीन वर्षांनी जिना चढून आला होता. धाप लागली होती. म्हटलं, बसू दे."

धन्य आहे. मी आठ दिवस त्या एकापायी धड जेवले नाही.

शिवणकामवाली म्हणाली, "सही कुठे करू ते सांगा. मग भांडत बसा."

कलम काढलेलं नाही. खोट्याखाली सही करायची मला सवय नाही. मात्र मास्तर जाणूनबुजून हरले, हेही त्या कागदावर लिहिलं आहे. त्यांनी हरकत घेतली. ती नोंदवली आहे.

साक्षीदार: १. मास्तर (हरकतीसह, सही). २. शिवणकामवाली (सही).
लिहून ठेवणार: थोरली बहीण (सही).
ठिकाण: पुढची खोली.

ता. क. कागद चिकटवायचं काम वारसांवर ठेवण्यात अर्थ नाही. दोघं गेल्यावर डिंक लावून मीच चिकटवला, वही मिटून वर इस्त्री ठेवली आणि डिंकाची बोटं धुतली.