राणीछाप रुपयाचा निकाल

१२ जून २००८, घोडेगाव

खण्ण. वडील बाजारातून आले की मिळालेला रुपया दारातल्या दगडी उंबऱ्यावर टाकून बघायचे. तो नाद अजून कानात आहे. एक ओळ लगेच सुचली, भुजंगप्रयातात: 'तुझा नाद कानी अजूनी घुमावा.' दुसरी संध्याकाळपर्यंत सुचेल.

त्यातला एक राणीछाप रुपया आमच्या देव्हाऱ्यात आहे. नऊ वर्षांपूर्वी भाऊबीजेला माझ्या बायकोचा, प्रयागचा, थोरला भाऊ कुंडलिक आला होता. त्याने तो उंबऱ्यावर आपटला आणि भरल्या पंगतीसमोर म्हणाला, "दाजी, बद्द वाजतोय. खोटा हाय." उंबऱ्यावर तेव्हा नुकतीच फरशी बसवली होती. तसल्या फरशीवर देवळातली घंटाही बद्द वाजेल. मी सांगितलं, याच उंबऱ्याबाहेर उभं राहून 'रुपया खरा' म्हणशील, तेव्हा आत ये. तो आपल्या गावी, बोरीला, गेला तो गेलाच. तेव्हापासून प्रयाग भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. चंद्र काही कमी भाऊ नाही.

आता मात्र बास. भरत (मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरवर असतो) म्हणाला, अमेरिकेत एक कंपनी नाणी तपासते. खरं की खोटं सांगते, सत्तरपैकी मार्क देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवते. घेणारा नाही, विकणारा नाही, तिसराच माणूस तपासणार. म्हणजे थेट बोर्डाची परीक्षा. मास्तरकीत जन्म गेला, मला परीक्षेची भीती नाही.

संकल्प: निकालापर्यंत रागवायचं नाही. बी.पी.

६ जुलै

भरतचा मित्र अमेरिकेला निघालाय. भरतने फोनवर बजावलं, "आण्णा, आहे तसा द्या. हात लावू नका."

हात लावला नाही. ब्रश लावला. पोरगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तिला कोणी पारोशी बसवतं का? आधी चिंच, मग रांगोळी, मग रिठा, शेवटी दातांची पेस्ट. राणीच्या नाकावरचा काळा डाग गेला. नाकही जरा गेलं. पण रुपया असा चमकला की माझाच चेहरा दिसला.

प्रयाग म्हणाली, "राणी लई रोडावली वो." दुर्लक्ष केलं.

दुसरी ओळ नाही.

१९ ऑगस्ट

दाढीला गेलो होतो. सावळेरामच्या दुकानात सांगून टाकलं, अडुसष्ट मार्क नक्की. सावळेराम वस्तरा थांबवून म्हणाला, "गुरजी, सत्तराचाच पेपर म्हंजी विषय सोपा असंल."

रागावलो नाही. फक्त अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आलो. उरलेली स्वतः केली. कापलं.

१२ ऑक्टोबर

निकाल.

भरत डबी घेऊन आला. रुपया आत, शेजारी छापील चिठ्ठी. त्याने वाचून दाखवली: जेन्युइन. क्लीन्ड. नो ग्रेड.

जेन्युइन म्हणजे अस्सल. ते मला ठाऊकच होतं, त्यासाठी अमेरिका कशाला? पण क्लीन्ड म्हणजे घासलेला, आणि घासलेल्याला मार्क नाहीत. शून्यसुद्धा नाही. मी भोपळा दिला तोसुद्धा रीतसर वर्तुळ काढून दिला. आमच्या शाळेत स्वच्छतेला दहा मार्क असायचे. इथे सरकार गावं झाडायला बक्षिसं देतं आणि तिकडे आंघोळ केली म्हणून पोरगं वर्गाबाहेर. तळेघरच्या शाळेवर असताना दोन डोंगर चालून आलेली पोरं मी ओढ्यावर नेऊन घासून काढली आहेत. ती सगळी नो ग्रेड का?

प्रयाग म्हणाली, "ते मार्काचं ऱ्हाऊ द्या. रुपया खरा हाय का न्हाई, येवढंच सांगा."

मी म्हणालो, प्रश्न तो नाही. ती भरतला घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बोलत होते. काय ते विचारलं नाही. मी रागात होतो.

दुसरी ओळ मात्र आली: 'परीक्षेस बैसून नापास व्हावा.' वृत्तात चोख बसते. म्हणून जास्तच संताप आला.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

रुपयाला दूध-पाण्याची आंघोळ घालायची, तर डबी उघडेना. प्रयाग म्हणाली, "लक्षुमीनं रेनकोट घातलाय. आता पूजा कशाची करू?" मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तशीच, वरून हळदकुंकू वाहते. दोन दिस दम धरा." कशासाठी, ते बोलली नाही.

कशाला दम धरू? ज्यांनी माझ्या वडिलांचा रुपया नापास केला, त्यांच्या पेटीत तो एक दिवसही राहणार नाही. वरवंटा घेतला. तिसऱ्या घावाला डबी फुटली. रुपयाच्या कडेला खोक पडली, किरकोळ. प्लॅस्टिक आणि ती चिठ्ठी बंबात घातली. पाणी छान तापलं.

मग रुपया उंबऱ्यावर टाकला. स्पष्ट खण्ण वाजला. प्रयागला ऐकू आला नाही. ती बंबाकडे बघत उभी होती.

नऊ वर्षांत एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

३० ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळ

दार वाजलं. उघडलं, तर कुंडलिक.

पांढरी टोपी, काखेत लुगड्याचा पुडा. पाय उंबऱ्याच्या बाहेर, अगदी नेमके. म्हणाला, "दाजी, प्रयागनं फोन केला व्हता. रुपया खरा निघाला म्हनं. अमेरिकेनं लिवून दिलं म्हनं. मी हरलो, राव."

मी म्हणालो, मग म्हण तसं.

तो म्हणाला, "म्हनतो की. पर भरत पडला तुमचा पोरगा, आन प्रयाग तुमची बायकू. तेवढी डबी दावा. डोळ्यांनी बघतो, बोलतो, आन आत येतो."

शोधून आणतो, असं सांगून मी आत आलो आणि वही उघडली. लिहिता लिहिता काहीतरी सुचतं, असा अनुभव आहे.

प्रयाग ताट घेऊन दारात उभी आहे. निरांजन लावलंय. मघाशी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वात पुढे सारली. आता कुंडलिक बाहेरून विचारतोय, "दाजी, घावली का?"