जेवाले बोलावणारं हॉटेल

पुणे, बुधवार

सौ. पुष्पाले कडूबाचा मायेचा नमस्कार. तुहा गुडघा कसा हाये?

हर्षलच्या खोलीत तीन सोबती, म्हणून त्यानं मले मोठ्या हॉटेलात उतरवलं. सारी सोय होती. पण दुपारी तीनपर्यंत मी वाट पाहत बसलो, कोणी जेवाले बोलावंल म्हणून. पाहुण्यानं आपल्या तोंडानं कसं मांगावं? हर्षल हसून म्हणे, "बाबा, इथं फोन करून मांगा लागते!"

मंग हे साधं हॉटेल पाहिलं अन् इथं राहाले आलो. पंखा कुरकुरते, पण खोली खालीच हाये, पायऱ्या नाहीत. मालकीणबाई दारात येऊन म्हणते, "काका, चला जेवाले."

हॉटेल म्हटलं की तू नाही म्हणतेस. यावेळी नको म्हणू. लेकाले तुले पाहाचं हाये, मलेही. सोमवारच्या गाडीनं ये. त्या दिवशी तू उतरेपर्यंत मी चहाही घेणार नाही.

तुह्या वाटेवर डोळे लावून,
कडूबा