मान हलवली

दादा,

तू काढलेल्या दाढेची जागा वर्ष झालं तरी भरली नाही. जबड्याचं हाड उघडं पडलंय, जिभेला खडूसारखं लागतं. ओठ बधिर आहे. वहिनी हनुवटी पुसते, तेव्हा कळतं चहा गळलाय.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, जबड्याच्या रेडिएशननंतर आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही. तुझ्या खुर्चीत बसले तेव्हा तो कागद पर्समध्ये होता. "त्यांना विचारलंस ना?" तू म्हणालास. मी हो म्हणून मान हलवली. त्या कॅन्सरच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नव्हती.

बाबा म्हणायचे, हा दातांचा असला तरी हाडाचा डॉक्टर आहे. आता तू कुणाचाच दात काढत नाहीस.

हे पत्रही पर्समध्ये त्या कागदाशेजारीच राहील. काल तू पुन्हा माफी मागितलीस. मी म्हटलं, "जाऊ दे, केलं माफ."

तुझी,
धाकटी