अख्खा शर्ट

२ नोव्हेंबर १९९८

प्रिय रेइनो,

आपल्या दोघांच्या घरांत अंतर पाऊण मैलाचे, तेव्हा पत्र पाहून तुला नवल वाटेल. चौथ्या इयत्तेनंतर मी लाकूडतोडीच्या कामाला लागलो, तरी शुद्ध लिहितो, हे तू जाणतोस. समोर येऊन बोललो असतो, तर माझा आवाज चढला असता. कागदावर तो चढत नाही.

प्रथम तुझे अभिनंदन करतो. टीव्हीवरील तुझ्या गेल्या वर्षीच्या शिकारीचा कार्यक्रम शेजारच्या लेम्पीने फितीवर उतरवून ठेवला होता. तो मी अकरा वेळा पाहिला. डेरेक कोल्टर हा इसम, ज्याच्या कपड्यांना अजून कुंपणाची तारही लागलेली नव्हती, तुझ्या खांद्यावर हात टाकून कुजबुजत होता, "मंडळी, हे या जंगलाचे खरे उस्ताद." नेम चुकला की शर्टाचे टोक कापायचे, या रिवाजाने आपल्या शिकारीच्या खोपीच्या भिंतीवर ज्याच्या शर्टाचे सात तुकडे ठोकलेले आहेत, त्याला तो उस्ताद म्हणत होता, आणि तू मान खाली घालून हसत होतास. ते हसू मला ठाऊक आहे. हेल्मी तुझ्याबरोबर नाचायला तयार झाली, तेव्हाही तू असाच हसला होतास. नंतर तिने लग्न माझ्याशी केले, हा भाग वेगळा.

परवा दुकानात इर्माने मला सर्वांदेखत विचारले, "काय आर्वोकाका, रेइनोकाका टीव्हीवर झळकले, तुम्ही कुठं होतात? कॅमेऱ्यामागं?" मी मीठ आणि कॉफी घेतली व बाहेर पडलो. चर्चमध्येही तेच. पाद्रीबुवांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला, मला म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

त्या कार्यक्रमाला मी शिकार म्हणत नाही. बीट आणि गाजरांचा ढीग घालायचा, फळ्यांच्या आडोशात गरम खुर्चीवर बसायचे, हरीण जेवायला आले की गोळी घालायची, लगेच संगीत सुरू. माग काढणे नाही, वाऱ्याची दिशा पाहणे नाही, पोट साफ करताना कोपरापर्यंत रक्ताने गरम झालेले हात नाहीत. दीड मैल ओढत आणणेही नाही. पहिल्या रात्री कांद्यावर परतलेले काळीज आणि शेजारच्या विधवेकडे पोचवलेली मागची तंगडी, यांपैकी काहीच त्या माणसाने दाखवले नाही. हरीण पडले, त्याने तुझ्या तळव्यावर टाळी दिली, आणि बुटांची जाहिरात लागली.

आता मुद्द्याचे. सातव्या वेळी पाहताना माझ्या लक्षात आले की तू बंदूक खांद्याला लावतोस, तेव्हा हरणामागच्या देवदाराच्या खालच्या फांदीवर बर्फ आहे, आणि हरीण पडते तेव्हा ती फांदी रिकामी आहे. सावल्याही बाजू बदललेल्या आहेत. म्हणून मी गेल्या मंगळवारी काठी घेऊन, तुम्ही चित्रीकरण केले त्या कड्यावर गेलो. जायला तीन तास लागले. देवदाराच्या बुंध्यात, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, गोळीचे भोक आहे. भोवती डिंक साकळला आहे. पहिला बार तुझा चुकला, रेइनो. कोल्टरने तो फितीतून कापला आणि तुझा शर्ट तसाच राहू दिला.

खरे सांगतो, त्या भोकात बोट घालून उभा असताना मला फार आनंद झाला. दुकानात इर्मासमोर हे कसे सांगायचे, याची वाक्येसुद्धा मी येताना जुळवली.

वाटेत एका ओंडक्यावर बसलो, तेव्हा दुसरे काही आठवले. कोल्टर आधी माझ्या दारात आला होता, हे तुला त्याने सांगितले नसेल. मी त्याला पायरीवर उभे ठेवून म्हटले, "गाजरे सशाला घाला." तो टोपी काढून निघून गेला. मी नाही म्हटले होते, ते त्याने पुन्हा विचारावे म्हणून. संध्याकाळपर्यंत मी खिडकीशी होतो. मग त्याची गाडी तुझ्या अंगणात दिसली.

आता ऐकतो की या पंधरा तारखेला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, तू त्याच्याबरोबर दक्षिणेकडे कोणाच्या तरी कुंपणबंद रानात जाणार आहेस. शेहेचाळीस हंगामांत पंधरा नोव्हेंबरला आपण दोघे खोपीत नव्हतो, असे एकदाही झालेले नाही. आपल्या खोपीतला विल्हो वारला, मॅटी वारला, तरी आपण दोघांनी वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवली. एकटा माणूस सौना कोणासाठी तापवील, हे मला समजत नाही. तू नसताना नेम चुकला, तर शर्ट कोण कापील, हेही नाही.

आणि यासाठीच हे पत्र लिहिले. खोपीच्या दारावर जी दहा टोकांची शिंगे आहेत, १९५७ची, त्यांच्यासाठी मी दोन काडतुसे खर्च केली. पहिली गोळी दगडावर लागली. तू धावत आलास आणि विचारलेस, "दोन बार ऐकले रे?" मी म्हटले, पहिला नदीपलीकडच्या कोणाचा तरी असेल. पुढे तूच सगळ्या गावात सांगत फिरलास की आर्वोला एकच काडतूस लागते, आर्वोचा शर्ट अख्खा आहे. एकेचाळीस वर्षे मी ते ऐकून घेतले. तुझा चुकलेला बार दुसऱ्याने कापला. माझा मी स्वतः कापला. त्या दिवशीचा हिरव्या चौकड्यांचा शर्ट माझ्यापाशी आहे. काल हेल्मीच्या शिवणकामाच्या कात्रीने त्याचे मागचे टोक कापले, पेन्सिलीने नाव आणि तारीख घातली. सोबत पाठवीत आहे. भिंतीवर तूच ठोक. माझा हात तेवढा वर जात नाही. येताना गेल्या वर्षीचा तुझा शर्टही आण. कात्री मी आणतो. इर्माला मी काहीही सांगितलेले नाही.

तू येईपर्यंत चूल न पेटवणारा,
तुझाच
आर्वो कांगास