हातावरचं दही

प्रिय अन्वी बाळा,

आज एर्लांगेनमध्ये सकाळपासून धुकं आहे. समोरच्या रस्त्यावरून सायकली जातात, पण दिसतात नुसते दिवे. अशा वेळी मला उगाचच काहीतरी म्हणावंसं वाटतं, म्हणून तुला लिहायला बसलो. वाचताना अडखळलीस तर मोठ्यानं वाच. डोळ्यांना नाही कळलं तरी कानांना कळेल. कविता तू अशाच तर शिकलीस.

तुझा सुट्टीचा बुधवार आता माझाही सणाचा दिवस झालाय. जपानात तुझी दुपार, इथे माझी सकाळ. मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसतो. तुझी आई हसते. म्हणते, अहो बाबा, अन्वीचा फोन आहे, मुलाखत नाही! मग तू कविता म्हणतेस, मी चूक काढतो, तू जर्मनमध्ये ‘जा, जा, गेनाऊ’ असं हो-हो म्हणत तीच चूक पुन्हा करतेस, आणि तिकडे संध्याकाळ होते.

पण तुझ्यामागे दर वेळी तोच पिवळा पडदा असतो गं. परवा तूच सहज सांगितलंस, तुझ्याबरोबरच्या स्वयंसेवक पोरी सुट्टीत बोटीनं समोरच्या बेटावर गेल्या, दीपगृहापाशी बसून डबा खाल्ला. वृद्धाश्रमातल्या त्या बोळक्या आजी तुला रोज विचारतात, बेटावर गेलीस का? आणि तू रोज सांगतेस, पुढच्या सुट्टीत. मी नकाशात ते बेट शोधलं. नखाएवढं आहे. आठवडाभर परक्या आजी-आजोबांना भरवायचं, फिरवायचं, आणि हक्काची सुट्टी मिळाली की घरच्या म्हाताऱ्यापुढे बसायचं, याला काय सुट्टी म्हणतात?

इकडे माझीही तीच तऱ्हा. खालच्या फ्राउ केलर दर बुधवारी काठी घेऊन नदीकाठी फिरायला जातात. कितीदा बोलावलं त्यांनी. मी आपलं मोडक्या जर्मनमध्ये सांगतो, मिट्वोख नाही, बुधवारी नातीचा फोन. त्या म्हणाल्या, मग नात फिरायला कधी जाते? मी घाईघाईनं जिना चढलो, आणि ते काही फोनची वेळ झाली म्हणून नव्हे.

आमचे पद्माकर गुरुजी शनिवारी शाळा सुटायच्या आधी सगळ्या वर्गाकडून एक कविता म्हणून घेत. शेवटची ओळ संपते न संपते तोच आम्ही दप्तरं उचलून सुसाट. एकदा टोपी विसरली म्हणून मी परत आलो, तर गुरुजी रिकाम्या वर्गात फळा पुसत होते आणि तीच कविता स्वतःशी गुणगुणत होते. मला वाटलं होतं, आम्ही गेल्यावर त्यांना एकटं वाटत असेल. पण चेहरा काय प्रसन्न होता त्यांचा! खिडकीतून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता ना.

तू निघालीस तो फ्रँकफर्टचा विमानतळ आठवतो? माणसानं लवकर परत यावं म्हणून हातावर दही घालतात, म्हणून मी घरून डबा घेऊन आलो होतो. सगळ्यांसमोर तुझ्या तळहातावर चमचाभर घातलं, तू चाटलंस आणि तोंड वाकडं करून म्हणालीस, आजोबा, हे दही नाही, क्वार्क आहे, मऊ चीज! इथल्या दुकानात सगळे पांढरे डबे सारखेच दिसतात, मी तरी काय करू? मी म्हटलं, चालतंय, पांढरं आहे ना. तू हसत आत गेलीस, आणि मी मात्र घरी येईपर्यंत मनात म्हणत होतो, चालू दे रे देवा, हेही चालू दे.

काल तुझ्या आईकडून कळलं की तिथल्या लोकांनी तुला आणखी वर्षभर राहायला सांगितलंय. तुझ्याही मनात आहे, पण तू नाही म्हणणार आहेस. तिनं कारण विचारलं तर म्हणालीस, आजोबांनी हातावर दही घातलंय. म्हणून हे पत्र. बाळा, ते दही नव्हतं. तू काही बांधलेली नाहीस. त्यांना हो म्हण. येत्या बुधवारी फोन करू नकोस, मी फ्राउ केलरबरोबर नदीवर असेन. तू बोटीत बस, आणि वारा सुटला की आपली बुधवारची कविता मोठ्यानं म्हण, चुकांसकट. खरं दही मी तू परत आल्यावर लावीन, भाताबरोबर खायला.

वाट न बघणारा, पण तुझाच,
आजोबा