गिअरबॉक्स उतरलाच आहे तर

ओबरहाल्डेन, ९ एप्रिल २०१३

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेनंतर तुम्ही रोज दोन फेऱ्या चालता आणि बिनमिठाचं सूप कुरकुरत का होईना पिता, हे आईकडून कळलं. तुमचा फोन तिनं कुलपात ठेवलाय तेच बरं. डॉक्टरांनी म्हणे पत्रांना परवानगी दिली, कारण पत्रातून ओरडता येत नाही. त्यांना तुमची पत्रं माहीत नाहीत.

आता कामाचं. हेत्सेलबाईंची रुपेरी स्पोर्ट्स कार आपल्या गॅरेजात आलीय. सुईण म्हणून अर्ध्या गावाचे जन्म या बाईंच्या हातून झाले, माझाही. पण घाटात गाडी मात्र त्या अशी पिटाळतात की क्लच जळला नसता तरच नवल. वय वर्षं त्र्याहत्तर! सत्तावीस तारखेला आल्प्स ओलांडून इटलीत बहिणीकडे जायचंय, एकटीनंच.

क्लचसाठी मी गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील काढलं आणि मागचं ते छोटं झाकण समोर आलं. त्याच्या आत ते बेअरिंग. साखळ्या फिरवणारा दांडा त्याच्यावरच तोललेला असतो. या जातीच्या इंजिनात ते कधीकधी काही चाहूल न देता फुटतं, आणि मग साखळी, व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळ्याचा चुराडा. तिथवर पोचायला जे जे उतरवावं लागतं ते आज उतरलेलंच आहे. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद दिव्याखाली उलगडून पाहिला, धातूचा एक कण नाही. कण दिसले असते तर नवं बेअरिंग बसवणं ही फसवणूक झाली असती, कारण तो चुरा एव्हाना इंजिनभर पसरलेला असतो. पण इंजिन निरोगी आहे. म्हणूनच आत्ता अधिक टिकाऊ बेअरिंग बसवून टाकावं असं मला वाटतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुझा बाप ओटमार हो म्हणाला तर कर, नाहीतर नको. तेव्हा होकार धाडा.

सूप अळणी असलं तरी लोभ अळणी नसावा.

तुमची
इर्मेला


आरोग्यधाम, १२ एप्रिल

चि. इर्मेलास,
अ. उ. आ.

नाही.

इथंच थांबणार होतो, पण टपालाचं तिकीट पुरतं वसूल झालं नसतं.

नव्वद हजार किलोमीटर जे मुकाट्यानं फिरलं त्याला हात कशाला लावायचा? एक्केचाळीस वर्षं मी एकच नियम पाळला, चालतंय त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय हे काम म्हणजे टायर बदलणं नव्हे. इंजिन नेमक्या जागी अडकवून साखळ्यांचा ताण आधी सैल केला नाहीस तर दांडा बाजूला सरकेल, आणि बेअरिंगनं जे केलं नसतं ते तू करून ठेवशील. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. क्लच बसव, गाडी जोड, बाईंना जाऊ दे.

माझ्या टेबलाशी एक निवृत्त पाद्री बसतो. जेवण येण्याआधी तो देवाचे आभार मानतो. आल्यावर मानणं त्यालाही जमत नाही.

तुझ्यावर राग नाही. आशीर्वाद आहेतच, फक्त पाना खाली ठेव.

बाबा


ओबरहाल्डेन, १५ एप्रिल

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

नकार पोचला. पाना खाली ठेवलाय. गिअरबॉक्सही अजून खालीच आहे.

माझ्या हातांची काळजी नको. गेल्या हिवाळ्यात चार दिवस उल्मला गेले होते ना, ती बर्फावर घसरायला नव्हे. हेच काम शिकायला गेले होते. सहा इंजिनांवर माझ्या हातांनी केलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतंत. रागवायचं तर आत्ताच रागवा, नाडी बघायला माणसं जवळ आहेत.

आणि चालतंय त्याच्या वाटेला जायचं नाही, तर तुमच्या तिसऱ्या रक्तवाहिनीचं काय? सर्जन दोनच दुरुस्त करणार होते. छाती उघडलीच आहे तर तिसरीही बघा, अशी सही तुम्हीच केली होती. तेव्हा नियम कुठं गेला होता?

आता मनात सलणारं लिहिते. दोन वर्षांपूर्वी राप मास्तरांची गाडी आली होती. असंच इंजिन, असंच क्लचचं काम. तुम्ही नको म्हणालात. अकरा महिन्यांनी भर महामार्गावर इंजिन फुटलं, गाडी ओढून आपल्याकडंच आणली. तुम्ही मला म्हणालात, नशीब एकेकाचं. त्यानंतर मास्तरांनी पुन्हा आपल्या दारात गाडी आणली नाही. मी तेव्हा गप्प बसले, पण आता हेत्सेलबाईंना एकटीला त्या खिंडीत पाठवायचं मला भय वाटतंय. लोक तुमच्या नावावर गाडी सोपवतात, म्हणून ऐकेन तुमचंच. पण शनिवारपर्यंत गाडी जोडत नाही. एकदा विचार करा.

उत्तरात शिव्या चालतील, माया मात्र कमी करू नये.

तुमची
इर्मेला


आरोग्यधाम, १८ एप्रिल

चि. इर्मेलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा संतापलो. दुसऱ्यांदा वाचताना नर्सनं कागद काढून घेतला. तिसऱ्यांदा लाज वाटली.

रापचं इंजिन मी उघडून पाहिलं होतं. त्या दिवशी तू सुटीवर होतीस. बेअरिंगचे तुकडे तेलाच्या तळाशी पडले होते. नशीबबिशीब काही नाही. मी नको म्हटलं होतं, कारण मला ते काम येत नव्हतं. नवी हत्यारं, नवी रीत. निम्म्या वयाच्या शिकवणाऱ्यापुढं बाकावर बसून शिकायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून नियम पुढं केला. आणि आता तुला हो म्हणायचं तर तेव्हाचं चुकलं असं कबूल करावं लागलं असतं, म्हणून तुलाही नाही म्हटलं. आणि तू मात्र गुपचूप उल्मला जाऊन त्याच बाकावर बसून आलीस! कौतुक वाटलं, आणि थोडी असूयाही.

कर. तुझ्या मतानं कर. साखळ्यांचा ताण आधी सैल कर, हे ठाऊक असलं तरी पुन्हा ऐक. म्हाताऱ्याला एवढं तरी सांगू दे.

तुझा
बाबा


ओबरहाल्डेन, २२ एप्रिल

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

काम झालं. शनिवारी सकाळी दार बंद केलं, रेडिओ बंद केला आणि प्रत्येक पायरी स्वतःला मोठ्यांदा सांगत गेले, तुमच्याच सुरात, तुमच्याच शिव्यांसकट. जुनं निघालं, नवं आपल्या जागी नीट बसलं. दिवसभरात सगळं जोडून इंजिन सुरू केलं. तो एकसारखा, भरलेला आवाज आला आणि मी रेडिओ परत लावला. रविवारी डोंगरावर जाऊन आले आणि फिल्टर पुन्हा कापला. स्वच्छ.

आता जे आहे ते सांगते. जुनं बेअरिंग ठणठणीत होतं. बोटावर फिरवून पाहिलं, खरखर नाही की ढिलाई नाही. आणखी पन्नास हजार किलोमीटरही गेलं असतं कदाचित. म्हणजे या गाडीपुरतं तुमचं 'नाही' बरोबर ठरलं असतं. बाईंनाही तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मी प्रत्येक बाळंतपणात इस्पितळाची गाडी सांगून ठेवायचे, लागली ती किती जणींना? आपल्या रीतीप्रमाणे जुना भाग त्यांच्या हवाली केला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि माझ्या गालावर दोन चापट्या मारल्या. अशी गाडी उद्या पुन्हा आली तर मी पुन्हा हेच करीन.

तब्येत जपा. बाकी लोभाचं काय लिहायचं, तो आता मापात मावत नाही.

तुमची
इर्मेला


आरोग्यधाम, २५ एप्रिल

चि. इर्मेलास,
अ. उ. आ.

बेअरिंग झिजलं होतं असं तू लिहिलं असतंस तर मी डोळे मिटून मानलं असतं. ते बाईंच्या पर्समधून इटलीला जाणार, मी कुठं तपासायला जाणार होतो? तुझी बाजू एका ओळीत पक्की झाली असती. तुझ्या जागी मी असतो तर ती ओळ लिहिली असती. रापशी मी तेच केलं. इंजिन आतून पाहिलं होतं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं की कारण कळत नाही.

तुझं पत्र खिशात घालून आज पाच फेऱ्या चाललो. मग रापला चार ओळी लिहिल्या. इंजिन कशानं फुटलं ते, आणि मी काय पाहिलं होतं ते. तीन ओळींत संपलं. चौथीत लिहिलं की यापुढं गाडीला काही झालं तर माझ्याकडं आणू नका, इर्मेलाकडं आणा. दोन्ही पत्रं एकाच टपालानं जातायत.

लोभ असू दे, पोरी. तो मागायची पाळी आता माझी आहे.

तुझा
बाबा